अकरा वेळा

साकीनाक्याच्या त्या गॅरेजच्या फाटकाशी गाडी हळू झाली, दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर उतरली आणि उतरता उतरता तिने झटका दिला. झटका फार मोठा नव्हता. देवळाच्या रांगेत मागच्याने कोपर लावावं इतपतच. पण श्यामसुंदर परबच्या कमरेत तो बसला आणि त्याचे दात आवळले गेले. बत्तीस वर्षं स्टिअरिंगमागे काढलेल्या माणसाचं अर्धं डोकं कमरेत असतं. गाडीचं काय दुखतंय ते आधी तिथे कळतं, कानाला नंतर, आणि मालकाला सगळ्यात शेवटी. शेजारी बसलेल्या डॉक्टर कर्णिकांनी पट्टा सोडला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "हे असं होतंय बघ." जणू श्यामला ते माहीतच नव्हतं. जणू तीन आठवड्यांपूर्वी घाटकोपरच्या सिग्नलला पहिल्यांदा झटका बसला तेव्हा त्यानेच घरी येऊन सांगितलं नव्हतं की साहेब, गिअरबॉक्स दाखवून घेऊ. तेव्हा नुसतं 'बघू, बघू' झालं. आता डॉक्टरांचा मुलगा मिहिर परदेशातून आला, त्याने एकदा गाडी मुलुंडहून पवईपर्यंत नेली, झटका त्याच्या कमरेत बसला, आणि लगेच रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. रविवार श्यामच्या सुटीचा. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याचा स्वतःचा म्हणावा असा हा एकच नियम होता: शनिवारी संध्याकाळी चावी खुंटीला, सोमवारी सकाळी आठला परत हातात. आज बायकोने, विमलाने, भांडुपच्या बाजारातून तिसरे, खाडीतले शिंपले, आणले होते. "रविवारी कित्याक बोलवतत?" एवढंच तिने विचारलं. त्यावर तो तिच्यावरच ओरडला, आणि साकीनाक्यापर्यंत त्या ओरडण्याची त्याला लाज वाटत राहिली.

ही गाडी डॉक्टरांनी साठी उलटल्यावर घेतली. लाल, दोन दारांची, मागची सीट नावापुरती; तिथे डॉक्टरांची छत्री तेवढी बसायची. गिअर सात, आणि ते सगळे गाडी आपले आपणच बदलायची. स्टिअरिंगवर एक गोल बटण होतं, ते फिरवलं की गाडीचा स्वभाव पालटायचा. नॉर्मलला ठेवलं तर गिअर भराभर वर चढायचे आणि चाळीसच्या वेगालाच गाडी पाचव्यात जाऊन गप्प बसायची. स्पोर्टला ठेवलं की तीच गाडी दुसरा गिअर सोडायला तयार नसायची. इंजिन ओरडेपर्यंत ताणायची, आणि ब्रेकला पाय लागला की खाडकन खालच्या गिअरवर यायची. त्याच्याही पुढे स्पोर्ट-प्लस. तिथे काय होतं हे श्यामला ठाऊक नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं, "श्याम, नॉर्मलच्या पुढे बटण न्यायचं नाही. मस्ती करायला गाडी घेतलेली नाही." त्याने ते सहा वर्षं पाळलं. बॅटरी उतरू नये म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी तो तिला मुलुंडहून बोरीवलीला नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंत नेऊन आणायचा, नॉर्मलमध्ये, डावा पाय एका बाजूला निजवून, कारण ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय झोपलेलाच बरा असं त्याला कुणीतरी सुरुवातीलाच शिकवलं होतं. पाय हलका ही त्याची ख्याती. ताजं ऑपरेशन झालेले डॉक्टरांचे पेशंट तो घरच्या दुसऱ्या, मोठ्या गाडीतून भांडुप-नाहूरच्या खड्ड्यांतून घरी सोडायचा, आणि डॉक्टर एखाद्या म्हातारीच्या मुलाला सांगायचे, "श्याम नेतोय ना, मग टाक्यांची काळजी नको." हे वाक्य त्याने विमलाला किमान पन्नास वेळा ऐकवलं होतं. माणसाकडे मिरवायला काहीतरी लागतं. कुणाकडे बंगला असतो, त्याच्याकडे उजवा पाय होता.

प्रीतम हा गॅरेजमधला गिअरबॉक्सचा माणूस, तिशीतला, बोलायला फटकळ. त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं, आणि गाडीतली सगळी माहिती उतरवून घेतल्यावर तो काचेच्या केबिनमध्ये आला. मिहिर मोठी गाडी घेऊन आधीच येऊन बसला होता. सगळं वाचून झाल्यावर प्रीतमने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"क्लच गेलेत, सर. दोन्ही. म्हणून झटका. आणि कारण पण दिसतंय. अकरा वेळा लाँच केलीय गाडी."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"उभी गाडी एकदम सोडायची, सर. शर्यतीत करतात तसं. इंजिनची सगळी ताकद क्लचवर घ्यायची नि सोडायची. चुकून होत नाही ते. ज्याला येतं त्यालाच येतं."

"स्पोर्ट-प्लसमध्ये?" मिहिर म्हणाला.

"त्याशिवाय होतच नाही."

यानंतर केबिनमध्ये कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि न बघता सगळ्यांनी श्यामकडे बघितलं. त्याला मात्र डॉक्टरांचं ते 'म्हणजे' ऐकू येत राहिलं. किती सहज विचारलं. हाड कुठे मोडलंय ते दिसत असताना पेशंटला 'इथे दुखतं का' विचारायचे, त्याच आवाजात.

"काका," मिहिर म्हणाला, "रागावू नका. पण आठवड्यातून दोनदा गाडी तुमच्याच हातात असते ना?"

या मुलाला त्याने सहा वर्षं शाळेत सोडलं होतं. दप्तर उचललं होतं, उलट्या पुसल्या होत्या, दहावीच्या निकालाच्या दिवशी तो घरी जायला घाबरत होता तेव्हा मुलुंडच्या कॉलनीला गाडीने तीन फेऱ्या मारल्या होत्या. अठरावं लागल्यावर क्लच कसा सोडायचा हेही त्यानेच शिकवलं. मिहिर दर वेळी गाडी बंद पाडायचा आणि श्याम म्हणायचा, पायाला घाई असेल तर गाडीला कळते. तेव्हा हा मुलगा त्याला 'अरे श्यामकाका' म्हणायचा. आता 'रागावू नका' म्हणत होता, 'तुम्ही' म्हणत होता, आणि ते 'तुम्ही' कानफटात बसल्यासारखं लागत होतं. माणूस परका करायचा असला की हे लोक आधी त्याला मान देतात.

"मी नॉर्मलच्या पुढे बटण नेलेलं नाही," श्याम म्हणाला. "सहा वर्षांत एकदाही नाही."

"मशीन खोटं नाही बोलत ना पण," प्रीतम म्हणाला. "कितव्या किलोमीटरला काय झालं ते पण आहे इथे."

तेव्हा श्यामला पहिल्यांदा हायसं वाटलं. तो उठला, गाडीच्या कप्प्यातून आपली वही घेऊन आला. निळ्या पुठ्ठ्याची, हातात मावणारी. गाडी लावताना किलोमीटर लिहायचे, काढताना पुन्हा लिहायचे, ही त्याची सवय कंपनीची जीप चालवायचा तेव्हापासूनची. डॉक्टरांनी कधी मागितली नव्हती, त्यानेही कधी दाखवली नव्हती. त्याने वही प्रीतमच्या पुढे ठेवली. "वाचा." प्रीतमने पहिला आकडा वाचला: चार हजार दोनशे बारा. वहीत शनिवारी संध्याकाळी चार हजार एकशे नव्वद, सोमवारी सकाळी चार हजार दोनशे एकतीस. दुसरा वाचला, तोही शनिवार आणि सोमवार यांच्या मधला. तिसरा, चौथा. पाचव्याला प्रीतमचा आवाज बारीक झाला आणि त्याने डॉक्टरांकडे बघितलं. पण मिहिरने वहीला हातही लावला नाही. "काका," तो म्हणाला, "वही तुम्हीच लिहिता ना?"

हे त्याला सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं की आपण लिहिलेलं खरं, याला आपण लिहिलंय एवढाच पुरावा आहे. बोलावं तर आवाज चिरका निघेल, आणि चिरक्या आवाजाचा ड्रायव्हर म्हणजे चोर, हेही त्याला माहीत होतं. तो उभाच राहिला. सोमवार आठवत राहिला. सोमवार त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक होता. डॉक्टरांनी गाडीला अशी सोय लावून घेतली होती की बंद करताना बटण जिथे असेल तिथेच ती पुन्हा सुरू व्हावी, आणि सोमवारी सकाळी धुवायला बाहेर काढली की ती स्पोर्टमध्ये जागी व्हायची. सोसायटीच्या उतारावर दुसऱ्या गिअरला अडून बसायची, वॉचमन दचकायचा. श्याम बटण मागे आणायचा, तरी ती लगेच ऐकायची नाही. प्रीतमनेच मागे एकदा सांगितलं होतं की हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय शिकतो, जसा पाय तसे गिअर टाकायला लागतो. ते श्यामला आधीच कळलं होतं. सोमवारी गाडी उर्मट असायची, मंगळवारी कुरकुरायची, गुरुवारी बोरीवलीहून परत येताना कुठे निवळायची. मग यायचा रविवार, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सहा वर्षं त्या दोघांनी एकच गाडी दोन बाजूंनी ओढली होती, आणि त्यातला एकजण आत्ता 'म्हणजे?' विचारून मोकळा झाला होता.

काही सोमवार त्याहून वाईट असायचे. मागच्या चाकांच्या वर, आतल्या बाजूला, रबराचे काळे तुकडे चिकटलेले असायचे. इंजिनचं झाकण उघडलं की करपल्याचा वास यायचा. श्याम बादली आणायचा आणि कुणी खाली उतरायच्या आत नखाने एकेक तुकडा सोलून काढायचा. का, तर डॉक्टरांना दोन वर्षांपूर्वी छातीत स्टेंट बसला होता आणि बाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी रेवतीबाईंनी, अख्ख्या घरासमोर शपथ घातली होती की गाडी चालवायची तर सावकाश, नाहीतर चावी माझ्याकडे. रविवारची एक सकाळ, तीही माझ्या मेहेरबानीवर. बाई प्राध्यापक होत्या, बोलल्या की बोलल्या. मग डॉक्टरांचं नाव राहावं, घरात भांडण होऊ नये, सोसायटीतल्या चार ड्रायव्हरांनी दात काढू नयेत, म्हणून श्याम रबर सोलायचा. कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कधी विचारलंही नाही की सोमवारी गाडी इतकी स्वच्छ कशी होते. इमानदारी करायची तर ती मालकाच्या देखत करावी, एवढी साधी अक्कल त्याला नव्हती. आपल्या बाजूचा सगळा पुरावा त्याने स्वतःच्या नखांनी काढून मुलुंडच्या गटारात टाकला होता.

आणि डॉक्टर काय करत होते? केबिनच्या भिंतीवर गिअरबॉक्स उभा कापून दाखवणारा एक मोठा कागद लावला होता, आतली चाकं, पट्ट्या, दोन क्लच, सगळं रंगीत. डॉक्टर हात मागे बांधून तो बघत होते. दवाखान्यात एक्स-रे बघतात तसे, मान किंचित तिरकी करून. गेली बावीस वर्षं श्यामला हा माणूस पाठीवरून ओळखता यायचा. पाठीवरून त्याला आत्ता कळलं की डॉक्टर काहीही बोलणार नाहीत.

मिहिरने कागद तयार करूनच आणला होता. वॉरंटीतून काम व्हायचं तर गाडीचा असा वापर मालकाने केलेला नाही हे लिहून द्यावं लागेल, असं प्रीतमने त्याला फोनवर आधीच सांगितलं होतं; म्हणजे श्याम घरून निघायच्या आधीच सगळं ठरलं होतं. आकड्याची तेवढी जागा मोकळी होती. मिहिरने ती पेनाने भरली आणि वाचून दाखवलं: मी, श्यामसुंदर धोंडू परब, मालकांच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या नकळत, सदर गाडी अकरा वेळा बेदरकारपणे चालवली. "नोकरीला काही होणार नाही, काका. तुम्ही घरचेच आहात. फक्त कंपनीला दाखवायला." घरचेच. घरच्या माणसाच्या नावावर अशी घाण कुणी लिहून देतं का, असं त्याला विचारायचं होतं. त्याऐवजी तो स्वतःचं नाव बघत राहिला. श्यामसुंदर धोंडू परब. मधलं नाव वाचलं आणि बाप समोर उभा राहिला.

धोंडू परब गिरणीत मागावर होता. श्याम नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा मुकादमाने पट्टा चढवताना मागाचा दांडा मोडला आणि साहेब आल्यावर बोट धोंडूकडे दाखवलं. धोंडू म्हणाला, होय, माझ्या हातून झाला. आठ दिवस घरी बसवलं. ही गोष्ट श्यामला बापाकडूनच कळली, आणि सांगताना बाप खूश होता. तीच गोष्ट त्याला आयुष्यभर पचली नाही. बाप भिऊन 'होय' म्हणाला असता तर त्याने माफ केलं असतं. गरीब माणूस भितो, त्यात काय. पण बाप जेवता जेवता सांगत होता, "होय म्हटलंय. मुकादमाचा तोंड रवला. माझा काय गेला?" आणि आई ताटात भात वाढत होती. श्यामने तेव्हा भात टाकला होता आणि मार खाल्ला होता. पुढे गिरणी गेली, बाप भांडुपच्या चाळीच्या जिन्यावरून पडला आणि खुबा मोडला, तेव्हा डॉक्टर कर्णिकांनी तो आपल्या दवाखान्यात बसवून दिला, एक पैसा न घेता. बाप मरेपर्यंत काठीशिवाय चालला. हेही खरं होतं, आणि आत्ता ते खरं असण्याचा श्यामला भयंकर संताप आला. उपकार केलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला शिवीसुद्धा नीट देता येत नाही.

"मिहिर, दोन मिनिटं," डॉक्टर शेवटी म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी." त्यांनी श्यामला बाहेर नेलं. जुन्या टायरांच्या चळतीशी, पत्र्याच्या सावलीत, ते थांबले. चष्मा काढून रुमालाने पुसला.

"श्याम, सही करून टाक."

"साहेब, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. तिसऱ्याला कशाला?" मऊ आवाज. टाके काढताना असायचा तसा. "रेवतीला कळलं तर चावी काढून घेईल रे. दिवसभर दुसऱ्यांची हाडं, घरी आलो की गोळ्या. रविवारची एवढी एक सकाळ माझी असते."

"आणि माझा रविवार?"

डॉक्टरांना ते कळलंच नाही. बहुतेक त्यांना वाटलं तो आजच्या सुटीबद्दल बोलतोय. "उद्या घे ना सुटी," ते म्हणाले. "हे बघ, नोकरी माझ्याकडेच आहे. बाहेर कुणाला कळणार नाही. तुझं काय जाणार?"

माझा काय गेला. तेच. शब्दसुद्धा तेच, फक्त नीट शाळेत गेलेले. पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी ते ताट पुन्हा त्याच्यासमोर आणून ठेवलं होतं. त्याला डॉक्टरांना धरून हलवावंसं वाटलं, त्या बारीक, स्वच्छ मनगटाला धरून, आणि सांगावंसं वाटलं की माझ्याकडे एकच गोष्ट आहे, हा पाय, तीच जाणार. उद्या एखाद्या म्हातारीला घरी सोडायचं असेल तेव्हा तुम्हीच म्हणाल का, श्याम नेतोय, काळजी नको? हे सगळं मनातच ठेवून तो केबिनमध्ये परत गेला, टेबलावरची चावी उचलली आणि म्हणाला, "चला. दाखवतो."

"काय दाखवता?" मिहिर म्हणाला.

"अकरा वेळा केलं म्हणता ना? तर बाराव्यांदा बघा."

गॅरेजच्या मागे काँक्रीटचा सरळ रस्ता होता. दोन्ही बाजूंना गाळे, रविवार म्हणून सगळी शटर खाली, टोकाला बंद पडलेल्या कारखान्याचं फाटक. प्रीतमची माणसं गाड्या तपासायला तिथेच न्यायची. श्यामने गाडी रस्त्याच्या तोंडाशी आणून लावली. डॉक्टर घाईघाईने येऊन शेजारी बसले. "श्याम, वेडेपणा करू नकोस. क्लच गेलेत." मिहिर आणि प्रीतम चालत आले आणि त्याच्या खिडकीपाशी उभे राहिले, काच खाली होती. एवढ्या संतापातही श्यामने तिन्ही आरशांत बघितलं, दोनदा हॉर्न दिला, फाटकापर्यंत एक कुत्रंसुद्धा नाही याची खात्री केली आणि पट्टा लावला. मग त्याला कळलं की पुढे काय करायचं हे आपल्याला माहीत नाही.

त्याला वाटलं होतं ते आपोआप होईल. रागात माणूस करतोच की. त्याने जुन्या गाड्यांचं आठवलं; पोरं न्यूट्रलमध्ये रेस वाढवायची आणि धाडकन क्लच सोडायची. इथे क्लचचं पेडलच नव्हतं. तरी त्याने गाडी न्यूट्रलला घेतली आणि रेस दिली. इंजिन ओरडलं, शटरांवर आवाज आपटून परत आला. मग त्याने गिअरचा दांडा ओढला. दांडा सरकला नाही. गाडीने टुंग टुंग केलं आणि समोर अक्षरं आली, ब्रेक दाबा. त्याने उजवा पाय रेसवरून काढून ब्रेकवर ठेवला, इंजिन लगेच खाली बसलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही तेच झालं. टुंग टुंग. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. श्यामला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. ज्या गुन्ह्यासाठी नाव जाणार तो गुन्हासुद्धा आपल्याला जमत नाही. त्याने तिसऱ्यांदा रेस दिली, काटा वर गेला, इंजिन रडायला लागलं.

"अरे, न्यूट्रलमध्ये काय मारतोस तिला!" डॉक्टर ओरडले. तो मऊ आवाज नव्हताच. त्यांचा हात आला आणि स्टिअरिंगवरचं बटण दोन घरं पुढे गेलं. "गिअरमध्ये घाल. आता डावा पाय ब्रेकवर. डावा, डावा! पूर्ण दाब, तळापर्यंत. हं. आता उजवा, एकदम, अर्धवट नको. थांब. काटा चढू दे. जिथे थांबतो तिथे थांबू दे. थांबला की नुसता डावा उचल, बाकी काही करू नकोस—"

आणि तिथे ते थांबले.

इंजिन एकाच सुरात धरलेलं होतं. गाडी जागेवर थरथरत होती. डॉक्टरांचा हात अजून बटणावर होता. खिडकीत मिहिरचा चेहरा होता, श्यामपासून हातभर अंतरावर, आणि तो श्यामकडे बघत नव्हता. त्याच्यावरून पलीकडे, बापाकडे बघत होता. बघता बघता त्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. प्रीतमने मिहिरचा दंड धरून त्याला मागे ओढलं. श्यामने समोर बघितलं. रस्ता मोकळा होता. त्याने डावा पाय उचलला.

पाठ सीटमध्ये रुतली, पोट मागे राहिलं. शटरं एकमेकांत मिसळली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, प्रत्येक बदलाला मानेवर एक थाप बसत होती, आणि फाटक इतक्या लवकर आलं की त्याला फक्त ब्रेक आठवला. गाडी खाली उतरत गेली, तिसरा, दुसरा, आणि थांबताना तिने झटका दिला. तोच. फाटक वीस पावलांवर होतं. सगळीकडे रबराचा वास, सोमवारचा. श्यामने वळून बघितलं. डॉक्टरांनी एक हात छातीवर ठेवला होता, आणि ते हसत होते. दुखत नव्हतं त्यांना काही. डोळे ओले, गाल लाल, सत्तरीला टेकलेला माणूस हसत होता.

"छान सोडलास," ते म्हणाले.

यावर श्यामला त्यांचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता, 'म्हणजे?' ऐकलं तेव्हाही नाही. कारण ते खरोखर कौतुक करत होते. कारण सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला आपल्या रविवारात घेतलं होतं, आणि त्याला ते, क्षणभर का होईना, आवडलं होतं. त्याने बटण नॉर्मलला आणलं, गाडी बंद केली, चावी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली, उतरला आणि आलेल्या रस्त्याने परत चालू लागला. काँक्रीटवर दोन काळे पट्टे होते. ते कुणी सोलून काढणार नव्हतं.

मिहिर तिथेच उभा होता, कागद हातात धरून. "श्यामकाका," तो म्हणाला. "आईला... मी काय सांगू आईला?"

"ते तुमचं तुम्ही बघा. कागद द्या."

"नको आता."

"द्या म्हणतो ना."

प्रीतमने पेन दिलं. श्यामने गाळ्याच्या शटरवर कागद धरला. 'मालकांच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या नकळत' हे खोडलं आणि वर लिहिलं, 'मालक शेजारी बसले असताना'. अकरा खोडलं आणि एक लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट, आणि सवयीने सहीशेजारी किलोमीटरचा आकडा घातला. मग कागद मिहिरच्या हातात दिला, केबिनमध्ये जाऊन टेबलावरची आपली वही खिशात टाकली आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आला. रविवार त्याच्या सुटीचा होता.